वैशाखातली गोडी

गोडी हा शब्द मराठी माणसाच्या तोंडात दिवसभर असतो. उसाला गोडी असते, गुळाला असते, कैरी पाडाला लागली की तिच्यात हळूहळू उतरते. मुलाला अभ्यासाची गोडी लागते, म्हाताऱ्याला भजनाची लागते, आणि ज्याला कशाचीच लागत नाही त्याच्याविषयी घरातली माणसे काळजीच्या सुरात बोलतात. पदार्थात वसणारी ती गोडी आणि मनाला जडणारी तीही गोडीच. आपल्या पूर्वजांनी दोघींना एकाच नावाने हाक मारली आणि हे बरोबर की चूक, असा संशयही त्यांना कधी आला नाही. सज्जनहो, या एका शब्दापाशी बसून राहण्याचा योग मला पुष्कळ वर्षे लाभला, आणि त्याचे निमित्त झाला एक छंद: भर उन्हाळ्यात, दुपारच्या वेळी, अन्नावरची आणि मद्यावरची पुस्तके वाचण्याचा. गळ्यात तुळशीची माळ आणि मांडीवर द्राक्षमद्याचा ग्रंथ हे दृश्य आमच्या आळीत पुष्कळांना विपरीत वाटते. मला ते तसे का वाटत नाही, ते आज सावकाश मांडतो.

मुंबई-पुण्याच्या लोकांची समजूत अशी की लोणावळा म्हणजे बारमाही गारवा. घाटमाथ्यावर संध्याकाळचा वारा सुटतो हे खरे; परंतु वैशाख लागला की दुपार इथेही तापते, आणि खाली नाणे मावळात, पवन मावळात, आंदर मावळात उतरावे तर भातखाचरांना भेगा पडलेल्या असतात, राब भाजल्याचा धूर रानावर रेंगाळत असतो, आणि लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याला उगम पावणारी इंद्रायणी कशीबशी आपली ओळख टिकवून असते. अशा दिवसांत देह अन्नाला विटतो. चरकाचार्यांनी ऋतुचर्या सांगताना ग्रीष्मात सूर्य जगातला स्नेह शोषून घेतो आणि माणसाचे बळ क्षीण होते असे म्हटले आहे. म्हणून त्या ऋतूत गोड, थंड, पातळ आणि स्निग्ध असे अन्नपान घ्यावे. मद्याच्या बाबतीत त्यांनी तीन वाटा ठेवल्या: थोडेच घ्यावे, किंवा घेऊच नये, किंवा घ्यायचेच तर त्यात भरपूर पाणी घालावे. यातली मधली वाट माळेमुळे माझ्या वाट्याला आपोआप आली. तिसरी वाट मी पुस्तकांतून चालतो, कारण छापील मद्याहून अधिक पाणी घातलेले मद्य मला तरी ठाऊक नाही. विनोद बाजूला ठेवू. देहाची रुची मंदावलेली असते नेमकी तेव्हाच मनाला अन्नाच्या शब्दांची गोडी का लागावी, हा प्रश्न मला खरा वाटत आला आहे.

त्याचे एक उत्तर आपल्या गच्चीवर आणि अंगणात वाळत पडलेले असते. उन्हाळा हा आपल्याकडे खाण्यापेक्षा करून ठेवण्याचा ऋतू. सांडगे, कुरडया, पापड, भरल्या मिरच्या, साठे घातलेला आंब्याचा रस, लोणच्याच्या फोडी, हे सगळे वैशाखाच्या उन्हाला दिले जाते आणि आषाढ-श्रावणात परत मागून घेतले जाते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो, आणि त्या चार महिन्यांसाठी आगोटीची बेगमी केली नाही तर चूल ओशाळते, हे इथल्या जुन्या घरांना पक्के माहीत होते. कुरडई घालणारी बाई त्या दिवशी कुरडई तळून खात नाही, चीक मात्र वाटीभर चाखते. पण तिच्या हातांना, डोळ्यांना, तिच्या सगळ्या लक्षाला त्या कुरडईची गोडी लागलेली असते, आणि ती गोडी जिभेच्या गोडीहून निराळी असली तरी खोटी म्हणता येत नाही. पाकशास्त्राचे पुस्तक वाचणारा माणूस याच जातीचा. तो खात नसतो, परंतु त्याचे आतले काहीतरी उन्हात घातलेले असते.

आता पुस्तकांकडे वळू. मराठीत छापलेल्या आरंभीच्या पाकग्रंथांत रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या १८७५ सालच्या ‘सूपशास्त्रा’ला मान आहे. त्याच्या नावातच मोठी ऐट आहे: वरण-भात शिजवणे हेही शास्त्र आहे, आणि ते छापून चार लोकांपुढे ठेवावे अशा योग्यतेचे आहे, असा विश्वास त्या काळच्या एका गृहस्थाला वाटला. त्याआधी सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या महाराष्ट्रीय पंडिताने संस्कृतात ‘भोजनकुतूहल’ रचले. हे समर्थ रामदासांचे स्नेही, पुढे तंजावरच्या मराठी दरबाराचा आश्रय त्यांना लाभला, आणि त्यांची आठवण आपल्यापर्यंत आणण्याचे पुष्कळ श्रेय पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांना जाते. कुतूहल हे नाव मला शास्त्राहूनही आवडते. भूक असली की माणूस जेवतो. भूक भागल्यावरही अन्नाकडे पाहत राहावेसे वाटले तर ते कुतूहल, आणि गोडीचा जन्म बहुधा तिथेच, भूक संपते त्या रेषेच्या पलीकडच्या काठावर होतो.

परंतु ज्या पुस्तकाने महाराष्ट्राच्या घराघरांत पाकक्रिया वाचण्याची गोडी लावली ते १९७० सालचे कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’. कमलाबाईंचे शालेय शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचे, आणि त्यांची थोरवी अशी की त्यांनी मराठी स्वयंपाकघराला मापाची भाषा दिली आणि ती स्वयंपाकघरातूनच उचलली: वाटी, चमचा, चिमूट. याआधी आजी सांगत असे ते ‘अंदाजाने घाल’. आणि अंदाज हा तर आयुष्यभर रांधल्यावर हाती येतो, नव्या नवरीने तो आणावा कुठून? ‘रुचिरा’ दुपारी पडल्यापडल्या वाचून पाहा. तिच्यात वर्णन जवळजवळ नाही. चव कशी लागते याचे कौतुक नाही, विशेषणे हात राखून घातलेली, क्रियापदे मात्र ओळीने उभी: भिजवा, निथळा, परता, झाका, मुरू द्या. तरीही वाचणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटते, आणि मला वाटते ते या क्रियापदांमुळेच सुटते. पदार्थाची स्तुती ऐकून कान तृप्त होतात. पदार्थ घडताना मनाने त्याच्या मागोमाग चालत गेले की गोडी आपली होते. ‘मुरू द्या’ या दोन शब्दांपाशी तर मी नेहमी थांबतो, कारण तिथे लेखिका आणि स्वयंपाकीण दोघीही हात मागे घेतात आणि पुढचे काम काळाकडे सोपवतात.

दुर्गाबाई भागवतांचे ‘खमंग’ आणि पु. लं.चे ‘हसवणूक’मधले ‘माझे खाद्यजीवन’ यांचा नामोल्लेख करून मी पुढे जातो. त्यांची गोडी ज्याला सांगावी लागते त्याला ती सांगून कळायची नाही.

गोडीचा याहून खोल पदर मला ज्ञानदेवांच्या सतराव्या अध्यायात सापडला. भगवद्गीतेने तिथे सात्त्विक, राजस आणि तामस अशा तीन आहारांचे वर्णन चार-दोन श्लोकांत केले आहे. ज्ञानदेव मात्र तिथे रमतात, आणि असे रमतात की हा आळंदीचा योगी एखाद्या पंक्तीत वाढपी म्हणून उभा राहिला होता की काय असे वाटावे. राजस माणसाला अन्न किती कढत लागते, तर त्याच्या वाफेच्या टोकावर वात धरली तर तीही पेटावी, अशी त्यांची कल्पना. आणि सात्त्विक आहाराविषयी बोलताना ते जे म्हणतात ते आपल्या आजच्या विषयाचे हृदय आहे: तो अंगाने लहान आणि परिणामाने थोर असतो, गुरूच्या मुखातून आलेल्या अक्षरासारखा. थोडे थांबून पाहू या. आपण सामान्यतः शब्दाला अन्नाची उपमा देतो, ‘त्यांचे बोलणे अमृतासारखे’ असे म्हणतो. ज्ञानदेवांनी उपमेची दिशा फिरवली. अन्न कसे असावे, तर अक्षरासारखे. जिभेवर ठेवलेल्या घासाची गोडी समजावी म्हणून त्यांना कानावर पडलेल्या शब्दाची गोडी आधाराला घ्यावी लागली, म्हणजे त्यांच्या श्रोत्यांना शब्दाची गोडी आधीपासून ठाऊक होती, तीच अधिक ओळखीची होती. असे श्रोते ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये बसले होते, त्या गावाला मी मनातल्या मनात अनेकदा नमस्कार करतो.

आणि त्याच नेवाशाच्या मातीत आणखी एक गोष्ट होती, जी त्या श्रोत्यांपैकी कोणालाही माहीत नव्हती. १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकळियांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनांच्या काळाच्या थरांतून भूमध्य समुद्राकडच्या उंच, दोन कानांच्या कुंभांची खापरे निघाली. तिकडचे मद्य आणि तेल अशा कुंभांत भरून जहाजांनी येत असे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्याच्या टिपणात, भडोच बंदरात इटलीच्या मद्याला विशेष मागणी असल्याची नोंद आहे. बंदरांतून माल देशावर चढवण्याच्या वाटा घाटांतून होत्या, त्यांतली एक आपल्या बोरघाटाची. आणि घाट चढून आले की कार्ल्याचे लेणे लागते, तिथल्या चैत्यगृहाच्या कित्येक स्तंभांवर धेनुकाकटच्या यवनांनी ते दान दिल्याचे लेख आजही वाचता येतात. एकवीरेला जाणारे आपले लोक त्या खांबांच्या शेजारून जातात. मला त्यात कसलाही विटाळ दिसत नाही. ज्यांच्या देशातून द्राक्षाचे मद्य येत होते त्यांनीच बुद्धाच्या चैत्याला खांब दिले, आणि ज्या गावाच्या पोटात त्या मद्याच्या कुंभांची खापरे होती त्याच गावात बसून अन्नाला गुरुवचनाची उपमा दिली गेली. गोडीच्या वाटा माणसांनी आखलेल्या कुंपणांखालून जातात, एवढेच यातून घ्यावे.

लोणावळ्याचा गोडीशी संबंध म्हटले की बाहेरचा माणूस चिक्कीचे नाव घेतो. घाट उतरणाऱ्या-चढणाऱ्या प्रवाशांनी गूळ आणि शेंगदाणे यांचा हा साधा संसार देशभर नेला, त्याविषयी मला आदरच आहे. परंतु लोणावळ्याने गोडीचे एक सूक्ष्म माप जपले आहे, त्याची आठवण थोड्यांना असते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली इथे कैवल्यधाम स्थापन केले, आणि पुढे १९७० मध्ये त्या आश्रमाने स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’ची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्या ग्रंथात मिताहाराची व्याख्या आहे. मिताहार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फिके, उकडलेले, शिक्षेसारखे अन्न येते; स्वात्माराम तर म्हणतो की योग्याचा आहार स्निग्ध आणि मधुर असावा, पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवावा, आणि जे खावे ते शिवाच्या प्रीतीसाठी खावे. गोडीवर त्याचा काहीच आक्षेप नाही. गोडीने सगळी जागा व्यापावी यावर आहे. तो रिकामा चौथा भाग कशासाठी, याचे शास्त्रकारांनी दिलेले उत्तर वायूच्या संचारासाठी असे आहे, आणि ते देहापुरते पुरेसे आहे. माझा अनुभव त्याला थोडी पुस्ती जोडतो: आकंठ जेवलेल्या माणसाने पाकग्रंथ उघडून पाहावा, त्याला एक पान वाचवत नाही. थोडी जागा राखून उठलेल्या माणसालाच अन्नाच्या शब्दाची गोडी कळते, कारण शब्दाला बसायला तेवढीच जागा लागते.

इथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. राखलेली भूक वेगळी आणि लादलेली भूक वेगळी. याच इंद्रायणीच्या काठी, देहूच्या वाण्याच्या घरी, १६३०च्या दुष्काळात अन्न अन्न करीत बायको गेली, आणि तुकोबांनी ते स्वतःच्या अभंगात कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले. ज्याने हे पाहिले त्याने पुढे नामाच्या गोडीविषयी जे गायिले, ते पोटभर जेवलेल्या माणसाचे उद्गार समजून वाचू नयेत. भंडाऱ्याच्या डोंगरावर भर दुपारी भाकरी घेऊन चढणारी त्यांची दुसरी बायको जिजाई आपण कीर्तनात हसण्यासाठी वापरतो. मला तर वाटते की गोडी या शब्दाचा अर्धा अर्थ त्या भाकरीत होता आणि तुकोबांनाही ते कळत होते.

लादलेल्या भुकेतून शब्दाची गोडी कशी उगवते याचे परदेशातले एक उदाहरण मला फार जवळचे वाटते. दुसरे महायुद्ध संपल्यावर इंग्लंडात शिधापत्रिकेचे राज्य चालूच होते, ते १९५४ पर्यंत पुरते उठले नाही. भूमध्य समुद्राच्या काठी आणि इजिप्तमध्ये युद्धाची वर्षे काढून परतलेली एलिझाबेथ डेव्हिड नावाची बाई १९४६-४७च्या कडक हिवाळ्यात एका गावातल्या खाणावळवजा हॉटेलात अडकून पडली, पुढ्यात येणाऱ्या बेचव जेवणाला कंटाळली, आणि कागद घेऊन आठवणीतल्या पदार्थांविषयी लिहू लागली. जर्दाळू, ऑलिव्ह, लिंबू, बदाम, हे नुसते शब्द लिहून तिचा जीव थाऱ्यावर येई. त्यातून १९५० साली भूमध्य प्रदेशाच्या स्वयंपाकावरचे तिचे पहिले पुस्तक निघाले, आणि त्यात सांगितलेल्या कित्येक वस्तू वाचणाऱ्यांना तेव्हा बाजारात मिळतही नव्हत्या. तरी लोकांनी ते वाचले. पाच वर्षांनी तिने उन्हाळ्याच्या स्वयंपाकावर वेगळे पुस्तक लिहिले. तोवर शिधा उठला होता, आणि माझे मत विचाराल तर ते पुस्तक अधिक उपयोगी आणि पहिले अधिक गोड आहे. वस्तू हाताशी नसतानाही गोडी टिकते, इतकेच नव्हे तर वस्तूच्या अभावी ती शब्दात येऊन राहते, याचा हा पुरावा.

परंतु यापुढचा पदर इतका सोपा नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली मराठीत एक पुस्तक आणले, त्याचे नाव ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. जेवणापूर्वी श्लोक म्हणणाऱ्या माझ्यासारख्याचा घास त्या एका ‘अ’पाशी अडतो. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या चुलीवर काय शिजत होते, उन्हात वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या कशा करीत, टाकलेल्या आणि नाकारलेल्या भागांतून जेवण कसे उभे राहत असे, हे सगळे त्यात कृतींसह आहे. ‘रुचिरा’ आणि हे पुस्तक एकाच उन्हाळ्यात पाठोपाठ वाचावे, म्हणजे वाळवण या गोष्टीचे दोन संसार समोर येतात: एकीकडे पांढऱ्या धोतरावर ओळीने घातलेल्या कुरडया, दुसरीकडे दोरीवर टांगलेले मांस, ऊन मात्र दोघांना सारखेच मिळाले. सतराव्या अध्यायातली सात्त्विक-तामसाची वाटणी मी आजवर खाणाऱ्याच्या वृत्तीची वाटणी म्हणून वाचली आणि तशीच वाचावी असे मी मानतो. परंतु गावाने ती जातीची वाटणी करून टाकली होती, आणि ज्याला शिळे किंवा टाकलेले खाण्यावाचून गत्यंतर ठेवले नाही त्यालाच तामस म्हणण्याचा निर्दयपणा शास्त्राच्या नावाने झाला, हे कबूल केल्यावाचून त्या अध्यायाचे निरूपण प्रामाणिक होत नाही. आणि तरीही, सज्जनहो, पाटोळ्यांच्या पानांत ज्या तन्मयतेने एकेक कृती सांगितली आहे तिला गोडीवाचून दुसरे नाव मला सापडत नाही. ती गोडी कोणी वाढलेली नव्हती. हिरावून घेता न आलेली होती. मावळातल्या आपल्या कपाटात इंद्रायणी तांदळाच्या भातावर लिहिलेले कौतुक असेल आणि हे पुस्तक नसेल, तर ते कपाट एका बाजूला कललेले आहे.

इंद्रायणी तांदळाचे नाव निघालेच आहे तर सांगतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहराच्या वंशातून हा वाण काढला आणि १९८७ मध्ये तो शेतकऱ्यांच्या हाती दिला. आंबेमोहर हे नाव आंब्याच्या मोहोराच्या वासावरून पडलेले, म्हणजे भाताचा वास सांगायला आंबा बोलवावा लागला. एका गोडीची खूण दुसऱ्या गोडीने पटवावी लागते, आणि मद्यावरची पुस्तके तर या एका गोष्टीवरच उभी आहेत. त्यांत द्राक्षाचा वास द्राक्षासारखा आहे असे कुणीच लिहीत नाही. सोविन्यों ब्लाँला हिरव्या ढोबळी मिरचीचा आणि नुकत्या कापलेल्या गवताचा वास, शिराझला काळ्या मिरीचा, अमक्याला युरोपातल्या रानबोरांचा, तमक्याला ओल्या दगडाचा. ती रानबोरे मी पाहिलेली नाहीत. म्हणून वाचताना मी आपोआप त्यांच्या जागी घाटातली करवंदे आणि जांभळे ठेवतो, जी ठाकर आणि कातकरी बायका मे महिन्यात पानांच्या द्रोणात घालून रस्त्याकडेला विकायला बसतात; ओल्या दगडासाठी तर मला फार लांब जावेच लागत नाही, पहिल्या वळवानंतर कातळ काय सुटतो ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. मद्याचा एक थेंब न चाखता मी हे ग्रंथ समजून घेतो ते असे, आपल्या रानातल्या गोड्यांचा त्यांना जामीन देऊन. आणि जे सांगता येत नाही ते सांगण्यासाठी उपमेमागून उपमा आणणाऱ्या या लेखकांची धडपड वाचताना मला आपल्या संतांची आठवण होते, ती अनादराने नव्हे.

आता द्राक्षाच्या बागेत चला, कारण या शब्दाचा सर्वांत विस्मयकारक अर्थ तिथे, शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात आहे. आपल्याकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. फळ निघाले की एप्रिलच्या सुमारास होते ती खरड छाटणी, आणि ऑक्टोबरच्या सुमारास होते ती गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर घड बाहेर पडतात, माघ-फाल्गुनात ती द्राक्षे साखरेला येतात, लोक ती पाहतात, खातात, विकतात. खरड छाटणीत दिसते काय, तर उघडी, बोडकी बाग आणि वर तापलेले आकाश. परंतु याच उन्हाळ्यात नव्या काड्या वाढतात, आणि त्या काडीच्या डोळ्यांत, बाहेरून काही कळणार नाही अशा रीतीने, पुढल्या हंगामाचा घड ठरतो. बागायतदार त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात आणि त्या दिवसांत आभाळ ढगाळ राहिले तर काळजीत पडतात, कारण त्या घडाला ऊनच लागते. ऑक्टोबरात ज्या छाटणीला गोडी म्हणतात तिची गोडी वैशाखात, जेव्हा वेलीवर खाण्यासारखे एकही फळ नसते तेव्हा, बांधली गेलेली असते. उन्हाळ्यात अन्नाच्या शब्दांची गोडी का लागते, हा मघाचा प्रश्न मी ज्या दिवशी हे ऐकले त्या दिवसापासून मला पुन्हा फारसा सतावला नाही.

आणि पुढे द्राक्षाचे मद्य होते तेव्हा गोडीचे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. मद्याची द्राक्षे साधारण बावीस ते चोवीस ब्रिक्स साखरेला आली की तोडतात. त्यांचा रस हा अतिशय गोड असतो, आणि किण्व त्या गोडीवर जगू लागते. ते साखर खाते, तिचे मद्यार्क आणि वायू यांत रूपांतर करते, आणि शेवटी ज्याला ड्राय म्हणतात त्या मद्यात साखर नावालाच उरते. गोडी संपली म्हणावे, तर त्याच वेळी करवंदाचे, मिरीचे, ओल्या कातळाचे ते सगळे वास प्रकट होतात, जे साध्या रसात साखरेखाली झाकलेले होते. पाहिलेत, पहिली गोडी जाते तेव्हा दुसरी येते. आणि जी येते ती पहिल्या गोडीची लेक आहे, तिच्यावाचून तिला जन्म नाही.

आपल्याच पुणे जिल्ह्यात, नारायणगावला, १९८०च्या दशकात शामराव चौगुल्यांनी फ्रेंच जाणकारांच्या साहाय्याने फेसाळ द्राक्षमद्य काढले आणि परदेशी पाठवले, त्याला नाव दिले होते ‘ओमर खय्याम’. त्या बाटलीशी माझा परिचय नावापुरता. मात्र त्या नावाशी माझा परिचय जुना आहे, माधव जूलियनांमुळे. फारसीचे पंडित असलेल्या या कवीने १९२९ साली खय्यामच्या रुबाया मुळावरून मराठीत आणल्या, आणि तेवढ्याने समाधान होईना म्हणून फिट्झेराल्डच्या इंग्रजीवरून ‘द्राक्षकन्या’ आणि ‘मधुलहरी’ असे पुन्हा पुन्हा त्याच काव्याकडे गेले. तेच काव्य तीनदा भाषांतरित करणाऱ्या माणसाला त्याची केवढी गोडी लागली असेल! खय्यामच्या चषकात काय होते यावर विद्वानांचा वाद जुना आहे. काही म्हणतात, ते साधे द्राक्षाचे मद्य, आयुष्य क्षणाचे म्हणून प्यालेले. काही म्हणतात, ती ईश्वरप्रेमाची सूफी खूण, मद्याचा थेंबही त्यात नाही. आमच्यातले काही सज्जन माझी बाजू सावरण्यासाठी दुसऱ्या मताचा आधार घेतात, म्हणजे माळ आणि पुस्तक यांचे भांडण मिटते. त्यांचा हेतू चांगला आहे, पण मला ते मत पटत नाही. चषकात खरेच मद्य होते असे मी धरून चालतो, खऱ्या वेलीचे, जिला उन्हाळ्यात कोणीतरी खरड छाटले होते. ते नसते तर ईश्वरप्रेमाला त्याची उपमा कुणाला सुचली असती, आणि सुचली असती तरी ऐकणाऱ्याला तिची गोडी कशी कळली असती?